थँकफुलची थोरली बहीण

बर्निस व्हिटकॉमला आयुष्यात एकच हौस होती. गावाच्या वर्धापनदिनाला ढोलामागे पहिल्या रांगेत चालायचं! ती रांग फक्त जहाजातून येऊन गाव वसवणाऱ्यांच्या वंशजांची. तीस वर्षं शाळेची बस चालवून बर्निस निवृत्त झाली, आणि मग कनेक्टिकटमधली एकेक दफनभूमी पालथी घालत थेट त्या जहाजातून आलेल्या जोसाया फेल्प्सपर्यंत पोचली. त्याची मुलगी थँकफुल, तिच्यापासून बर्निसचं घराणं.

मिरवणुकीचा कारभारी ऑर्विल म्हणजे तिचा शाळेपासूनचा वैरी. तिचा दावा ऐकताच त्याने तिला हाताला धरून जोसायाच्या थडग्याशी नेलं. शेजारी गवतात बुडालेला एक इवलासा दगड होता.

"वाच बाई!"

बर्निसने पर्समधला आरसा काढून दगडावर ऊन पाडलं. अक्षरं उठली. थँकफुल, जोसायाची मुलगी, वय तीन, १६९२.

"तीन वर्षांच्या पोरीची नात-पणती झालीस होय गं? चमत्कारच!"

बर्निस मटकन खालीच बसली. गेली रांग! डोळे भरून आले, नाक लाल झालं. ऑर्विललाच कसंतरी झालं, त्याने रुमाल पुढे केला.

तिने जोरात नाक शिंकरलं आणि एकदम थांबली.

"अरे, पण आमची थँकफुल १७६४ ला गेली. सत्तर वर्षांची होऊन! तिचा दगड पाठ आहे मला. म्हणजे ती जन्मली १६९४ ला. ही गेल्यावर!"

"मग?"

"मग काय, ठोंब्या! पोर गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे ना तेव्हा! तुमच्या घरात सॅम्युअल किती?"

ऑर्विलने डोकं खाजवलं. "एकाच आईचे तीन."

"बघ!"

"बरं बाई, जिंकलीस. ये पहिल्या रांगेत."

बर्निस उड्याच मारणार होती, पण नजर त्या दगडावर गेली. हिला शोधत कोण येणार? हिच्यामागे कुणीच नाही. तिने बोटांनी शेवाळ खरवडून काढलं, गवत उपटलं.

"ऑर्विल, माझ्या शेजारी एक जागा रिकामी ठेव."

"कुणासाठी? हिच्यासाठी? अगं, चर्चपासून नदीपर्यंत चालायचंय. तीन वर्षांची पोर, दमेल ना ती!"

"दमली तर घेईन कडेवर," बर्निस म्हणाली.