दोनशे अकरा कॅसेटी आणि एक रिकामी

मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे. कारखान्याच्या तपासणी विभागात पंचवीस वर्षं काढली की माणूस असाच होतो. घरीसुद्धा सिलिंडर कधी लावला, इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घातलं, सगळं वहीत! पण वहीची एक गंमत असते. आपण तिच्यात काम लिहायला बसतो आणि कामाच्या शेजारी माणसं येऊन बसतात. माझ्या एका वहीवर 'घरचा म्युझिक सर्व्हर' असं लिहिलं आहे. त्यात कामाच्या नोंदी निम्म्याही नाहीत. बाकी सगळे किस्सेच!

सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही. तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही. एक हार्ड डिस्क जोडायची, सगळी गाणी तिच्यात भरायची आणि तो जुन्या ॲम्प्लिफायरला लावून द्यायचा. मग मोबाइलवर बोट ठेवलं की हॉलमध्ये गाणं सुरू. दिवसरात्र त्याला हे एकच काम.

हे सगळं केलं ते नानांच्या कॅसेटींसाठी. नाना म्हणजे आमच्या झाशीतल्या जुन्या मराठी घरांपैकी एका घरातले, निवृत्त गणित शिक्षक. पेटी वाजवतात. त्यांच्याकडे दोनशे बारा कॅसेटी. लग्नं, मुंजी, गणेशोत्सव, सहली, जिथे म्हणून कोणी गायलं तिथे नाना टू-इन-वन घेऊन हजर! आता झाशीच्या उन्हाळ्यात त्या फिती एकमेकींना चिकटायला लागल्या होत्या. एखादी अजून एकदाच वाजेल, अशी अवस्था.

आणि काकूंसाठीही केलं. काकू म्हणजे नानांची बायको, कुमुदकाकू. फार वर्षांपूर्वी गणेशोत्सवातल्या गायनस्पर्धेत त्या गायल्या, नाना पेटीवर होते, आणि अंतऱ्यात गाणं थांबलं. बक्षीस दुसरीकडे गेलं. तेव्हापासून झाशीतल्या प्रत्येक मराठी घरात एकच वाक्य, "काकू अंतरा विसरल्या." त्यानंतर काकू चारचौघांत कधी गायल्या नाहीत. विषय निघाला की फक्त म्हणायच्या, "मी विसरले नव्हते."

मी कॅसेटी न्यायला गेलो तेव्हा त्या मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सतीश, त्या दिवसाची टेप सापडली तर बघ रे."

आतून नानांचा आवाज आला, "त्या दिवशी सेल संपले होते. रेकॉर्डिंग झालंच नाही!"

* * *

पहिला आवाज यायलाच सहा दिवस लागले. वहीत ओळीने नोंदी आहेत. "प्रयत्न ४ : आवाज नाही." "प्रयत्न ९ : सिस्टिम पुन्हा टाकली. आवाज नाही." "प्रयत्न १४ : मोबाइलवर गाणं पुढे सरकताना दिसतं. आवाज नाही."

सगळं पुस्तकं वाचून, व्हिडिओ बघून शिकलेलो, त्यामुळे चूक आपलीच असणार याची खात्री! प्रयत्न सतरा चालू असताना वैशाली, म्हणजे आमच्या सौ., झाडू घेऊन आत आल्या.

"स्पीकरच्या वायरी जोडल्यास का परत?"

"परत म्हणजे?"

"दिवाळीच्या सफाईत मी काढल्या होत्या. तुला सांगितलं होतं. तू लिहूनसुद्धा घेतलंस!"

मी घरची वही काढली. दिवाळीच्या आधीची नोंद, माझ्याच अक्षरात : "स्पीकरच्या वायरी काढल्या. जोडायचे लक्षात ठेवणे."

वैशाली म्हणाली, "लिहितोस छान. कधीतरी वाचतही जा!"

* * *

मग त्या कॉम्प्युटरला घर हवं होतं. इथली धूळ, त्यात आमच्या हॉलमधली पाल. मी स्टीलचा चिवड्याचा डबा घेतला, खाली दोन भोकं पाडली, आत कॉम्प्युटर बसवला, झाकण लावलं. डबा दिसायला झकास!

झाकण लावलं की वायफाय गायब. उघडलं की हजर. मी दोन संध्याकाळी राउटर तपासण्यात घालवल्या. शेवटी शेजारचे तिवारीजी आले. हे रेल्वेतून निवृत्त. त्यांनी डबा पाहिला, झाकण वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "भाईसाहब, लोहे की अलमारी में मोबाइल रख दो तो घंटी बजती है का?"

त्याच संध्याकाळी कॉम्प्युटर वैशालीच्या लाकडी मसाल्याच्या डब्यात गेला. अजून तिथेच आहे. ऊन तापलं की हॉलमध्ये गाण्याबरोबर थोडा दालचिनीचा वास येतो!

* * *

यंत्र झालं. आता कॅसेटी. माझी पद्धत ठरलेली : रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर एकच बाजू. आधी डेकचं हेड स्पिरिटने पुसायचं, मग बाजू पूर्ण वाजवून लॅपटॉपवर उतरवून घ्यायची, मग फाइल सर्व्हरवर. कॅसेटवर काहीही लिहिलेलं असो, दोन्ही बाजू शेवटपर्यंत.

शनिवारी सगळे आमच्याकडे जमायचे : नाना, काकू, तिवारीजी. आमच्या या मंडळाचा एक नियम आहे. पहिलं ऐकणं सगळ्यांनी मिळून. म्हणून मी उतरवतानासुद्धा आवाज बंद ठेवायचो आणि पडद्यावर फक्त आवाजाची रेघ वरखाली होताना बघायचो.

अडचण आली ती नावांची. सर्व्हर विचारतो : कलाकार कोण? अल्बम कोणता? आणि नानांनी कॅसेटींवर लिहिलेलं असं : "एरचची सहल, परतताना." "समथरचं लग्न, वऱ्हाड उशिरा." "बबीना, मेजरसाहेबांकडे, खीर."

मी विचारलं, "नाना, यात गाणारं कोण आहे, राग कोणता, काहीच नाही!"

"ते कशाला लिहायचं सतीशजी? ऐकलं की कळतंच की! खीर होती हे ऐकून कळतं का?"

मी अल्बमच्या जागी मुकाट्याने 'खीर' लिहिलं.

आणि खरं सांगतो, पुढच्या शनिवारी काकू म्हणाल्या, "ते बबीनाचं लाव ना, खिरीच्या दिवशीचं." मी 'खीर' शोधलं. एका सेकंदात गाणं हजर! रागाचं नाव कोणालाच आठवलं नसतं. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला अखेर भागाकार जमला.

* * *

तरी कलाकाराची जागा बरेचदा मोकळी राहायची. तिथे सर्व्हर स्वतःच 'अज्ञात कलाकार' असं घालतो.

एका शनिवारी तिवारीजी माझा मोबाइल घेऊन यादी वर-खाली करत बसले होते. बराच वेळ झाला. मग चष्मा काढून अगदी आदराने म्हणाले, "जे अज्ञातजी बहुत बड़े कलाकार हैं! गा भी रहे हैं, तबला भी बजा रहे हैं, और ज़नानी आवाज़ में लोरी भी!"

काकू हसता हसता थांबल्या. म्हणाल्या, "माझंही नाव तेच असेल ना रे?"

त्या रात्री मी वहीत फक्त एवढंच लिहिलं : "काकूंचं एकही गाणं अजून सापडलेलं नाही."

* * *

तिवारीजींचा खरा किस्सा पुढे आहे.

एक दिवस सकाळी पाचला आमच्या हॉलमध्ये भजन सुरू झालं. चांगलं मोठ्याने! मी उठून बंद केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वैशाली म्हणाली, "तुझं यंत्र भाविक निघालं!" मी सर्व्हरच्या नोंदी काढून बसलो, घड्याळ तपासलं, गजर तपासले. काही नाही.

चौथ्या दिवशी नोंदींमध्ये एक अनोळखी मोबाइल दिसला. मी शेजारी गेलो. तिवारीजी अंगणात दात घासत होते. तोंड धुऊन त्यांनी सरळ सांगून टाकलं, "आपका वाईफाई तो हमारे पास पहले से है भाईसाहब. हमारा रेडियो बिगड़ गया है. आपके यहाँ बजा देते हैं, तो दीवार से साफ़ सुनाई देता है!"

मी म्हटलं, "और हम लोग? हम तो सो रहे होते हैं!"

तर मोठ्या मनाने म्हणाले, "अरे, आप सोइए! हम तो सुन रहे हैं न!"

त्यांना एक छोटा स्पीकर आणून दिला आणि सर्व्हरला पासवर्ड घातला. मग पासवर्डही त्यांनाच सांगावा लागला, कारण शनिवारी आवाज कमी-जास्त करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

* * *

दोनशे अकरा कॅसेटी झाल्या. एकही फीत तुटली नाही! दर शनिवारी टाळ्या पडायच्या. झाशीतली वीज आपल्या मर्जीची, पण मी बॅटरीची सोय अशी केली होती की दिवे गेले तरी गाणं थांबत नव्हतं. अंधारात समथरचं वऱ्हाड उशिरा येत राहायचं.

राहिली एक. तिच्यावर नानांच्या सुबक अक्षरात एकच शब्द होता : "रिकामी."

नाना म्हणाले, "ती टाकून द्या. उगाच वेळ घालवू नका."

मी म्हटलं, "नाना, पद्धत म्हणजे पद्धत."

पहिली बाजू उतरवली. पडद्यावरची रेघ जवळजवळ सपाट. शनिवारी गंमत म्हणून लावली. पाऊण तासाच्या बाजूत नुसता पंख्याचा आवाज! मधेच कुकरची शिट्टी. आणि मग लांबून, बंद दाराच्या पलीकडून, एका तरुण बाईचा आवाज : "अहो, दार लावून काय करताय आत?"

"अय्या, ही तर मी!" काकू ओरडल्या. सगळे हसून लोटपोट. तिवारीजी म्हणाले, "लो, अज्ञातजी मिल गईं!"

नाना मात्र हसले नाहीत. "वैशालीबाई, चहा मिळेल का?" एवढंच म्हणाले.

* * *

दुसरी बाजू बुधवारी लावली. दोन मिनिटांत पडद्यावरची रेघ उसळली. डोंगर, दऱ्या, पुन्हा डोंगर! रिकाम्या फितीला इतके डोंगर कुठून? हात आवाजाच्या बटणापर्यंत गेला होता. पण पहिलं ऐकणं सगळ्यांनी मिळून. मी बटणाला हात लावला नाही. शनिवारपर्यंतचे तीन दिवस कसे काढले ते वहीतसुद्धा लिहिलेलं नाही.

शनिवारी काकूंना मुद्दाम समोरच्या खुर्चीत बसवलं. नाना दाराजवळ, निवांत. "रिकामीच आहे ती," ते म्हणाले. मी मोबाइलवर बोट ठेवलं.

खुर्च्या सरकवल्याचे आवाज. मग माइकवर कोणीतरी : "आता स्पर्धेतलं शेवटचं गाणं. गायिका सौ. कुमुदताई. पेटीवर त्यांचेच यजमान."

नानांचा कप बशीवर वाजला.

मग गाणं. काय सांगू! आवाज असा, की तिवारीजींनी आपणहून आवाज वाढवला. मुखडा झाला. तान झाली. टाळ्या. आणि काकू अंतऱ्यात शिरल्या. अगदी वेळेवर, शब्दन्‌शब्द स्पष्ट. पेटी मात्र भलतीकडे गेली! दोन-तीन सूर चाचपडली, आणि बंद पडली. काकू थांबल्या. टू-इन-वन बहुतेक पेटीलाच टेकवून ठेवलेला असणार, कारण पुढची कुजबुज सगळ्या हॉलभर लख्ख ऐकू आली.

नानांचा आवाज : "कुठे आहोत आपण?"

काकूंचा आवाज : "अंतऱ्यात."

मग काकूंनी एक सूर नुसता धरून ठेवला. पेटी तो शोधत शोधत आली, लागली, आणि काकूंनी अंतरा पहिल्यापासून पुन्हा उचलला.

गाणं संपलं. टेपवर टाळ्या पडत होत्या. वैशालीने काकूंचा हात धरला होता.

मी मोबाइल उचलला. 'अज्ञात कलाकार' खोडलं, आणि कुमुदकाकूंचं पूर्ण नाव लिहिलं. काकूंनी चष्मा लावून ते एक-एक अक्षर वाचलं.

"परत लाव," त्या म्हणाल्या. "अंतऱ्यापासून."

तेवढ्यात दाराजवळून नाना, स्वतःशीच बोलल्यासारखे, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "पण ही बाजू तर मी पुसली होती! पाऊण तास बसून!"

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. काकूंची सर्वांत शेवटी. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि अगदी त्या पहिल्या बाजूवरच्याच सुरात विचारलं,

"अहो, दार लावून काय करत होतात आत?"