गरम पिठाचा जोगवा

आमच्या घरात बोलायचं काम माझं होतं. मोठेपणा म्हणून सांगत नाही, तशी वाटणीच झाली होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, धाराशिवकडचं गाव सोडून इकडे आले आणि एका फोर्जिंगच्या कारखान्यात हातोड्याच्या मशीनशेजारी उभे राहिले, ते थेट निवृत्त होईपर्यंत. त्या दणक्यांनी त्यांचे कान हळूहळू गेले. आई पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायची. तळवड्यात आमची एकच खोली. अण्णांना रात्रपाळी असली की ते दिवसा झोपायचे, म्हणून आम्ही भावंडं बाहेर जिन्यावर पाठांतर करायचो. अण्णांचे कान गेल्यावर एवढा एक फायदा झाला की आम्ही आत बसून मोठ्यानं पाठ करू लागलो. यावर अण्णाच सगळ्यांत जास्त हसायचे.

त्या खोलीतून मी पदवीधर झाले. आमच्या दोन्हीकडच्या खानदानात पहिली. मग बँकेत जायचं, भावाच्या कॉलेजात साहेबांशी बोलायचं, मीटर जास्त पळालं म्हणून भांडायचं, सगळं माझ्याकडे आलं. अण्णा लोकांना सांगायचे, "थांबा, लेक येऊ द्या, ती बोलंल." आणि अण्णांशी बोलायचीही एक रीत होती. ते माझ्या ओठांकडे बघून ऐकायचे. आईचं बोलणं भरभर, भावाचं पुटपुटणं, त्यांना कळायचं नाही. माझं तोंड मोठं उघडायचं आणि शब्द सुटे पडायचे, म्हणून जगातली बरीचशी बातमी अण्णांपर्यंत माझ्या ओठांवरून पोचायची.

नोकरीही तोंडाचीच मिळाली. चाकणच्या एका कंपनीत प्रेसशॉपला नवी मुलं भरती झाली की त्यांना पहिल्या दिवशी सुरक्षेचं शिक्षण मी द्यायचे. हात कुठं घालायचा नाही, बूट कोणते, कानात प्लग का घालायचे. प्लगचं सांगताना मला अण्णा दिसायचे, त्यामुळे आवाज आपोआप चढायचा.

उन्हाळ्यात एका सकाळी कामावर जाताना वळणावर सांडलेल्या खडीवरून माझी स्कूटी घसरली. हेल्मेट होतं, पण पुढून उघडं. डोकं वाचलं, हनुवटी वाचली नाही. जबडा हनुवटीत आणि दोन्ही कानांपाशी मोडला, गालाच्या हाडाला चीर गेली. ऑपरेशन झालं, प्लेटा आणि स्क्रू बसले, आणि वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधून टाकले. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हाड जुळेपर्यंत कुलूप." घरी जाताना त्यांनी एक वायर कटर हातात दिला. उलटी झाली, श्वास अडकला, तर तार तोडायला तो सतत जवळ ठेवायचा. आईनं घरी आल्या आल्या तो कटर देव्हाऱ्यात देवीच्या टाकाशेजारी ठेवला आणि रोज त्याला हळद-कुंकू वाहायला लागली. मी पाटीवर लिहिलं, "हा उशाशी पाहिजे." आई म्हणाली, "देवीपेक्षा जवळ उशी हाय का तुझी?" शेवटी दिवसा कटर देव्हाऱ्यात आणि झोपताना माझ्या उशाशी, अशी तडजोड झाली. कुंकवानं उशीचे अभ्रे लाल व्हायचे.

डाळीचं पाणी, नाचणीची आंबील, सगळं दातांच्या फटीतून सिरिंजनं आत. ते मी सहन केलं. सहन झालं नाही ते अण्णांचं बघणं. मी बंद दातांनी काही सांगायला जायचे, ते माझ्या तोंडाकडे डोळे लावायचे, आणि मग हळूच मान दुसरीकडे फिरवायचे. न कळल्याचं मला कळू नये म्हणून.

तारा निघाल्या तेव्हा वाटलं, सुटले. पण तोंड उघडेना. मॅडमनी माझीच बोटं उभी दातांत धरायला लावली. एक बोट कसंबसं गेलं. "तीन गेली पाहिजेत," त्या म्हणाल्या. आइस्क्रीमच्या असतात तशा चपट्या काड्यांची चवड दाढांमध्ये घालायची, ताण सोसायचा, सवय झाली की आणखी एक सरकवायची. "दुखेल. पण आत्ता सोडलंस तर सांधा जखडेल, मग पुन्हा ऑपरेशन. हे काम माझ्या हातात नाही, तुझ्या आहे."

मी मनापासून सुरुवात केली होती, हे देवीची शपथ घेऊन सांगते. पण काडी वाढली की कानापासून टाळूपर्यंत कळ जायची, हिरडीतून रक्त यायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोंड पुन्हा तिथंच. कंपनीनं मला टेबलावरचं काम दिलं. माझ्या जागी दुसरा मुलगा शिकवू लागला, आणि दिवाळीपर्यंत बोलता आलं नाही तर तोच कायम, असं साहेबांनी सभ्य भाषेत सांगितलं. हळूहळू माझ्या काड्या डब्यातच राहू लागल्या. देव्हाऱ्यापुढं बसले की मनात प्रार्थना येत नव्हती. तू बघतेस ना, मग बघत बस, एवढंच यायचं.

अशात आईचा नवस बाहेर आला. ऑपरेशनच्या दारात तिनं भवानीला बोललं होतं, लेकीचं तोंड उघडलं की लेक स्वतः पाच घरं जोगवा मागंल. आमच्याकडे ही रीत आहे. मंगळवारी किंवा शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालायची, हातात परडी घ्यायची, देवीच्या नावानं पाच दारांत पीठ मागायचं आणि त्याचीच भाकरी करून खायची. मोठा असो की छोटा, देवीपुढं प्रत्येक जण मागणारा, असा त्यातला अर्थ. तो मला पाठ होता, पण पाळायचा नव्हता. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालणारी मी, कवड्या घालून दारोदार?

मी दात न हलवता म्हणाले, "तोंड कुठं उघडलंय? नवस लागूच होत नाही."

"एक बोट उघडलंय न्हवं?" आई म्हणाली. "एका बोटाचा जोगवा मागू. उरलेला मागनं."

"नवस काय हप्त्यानं फेडतात?"

"तू कटर हप्त्यानं उशाशी घेत होतीस, ते चाललं देवीला."

मी आणखी वाद घातला असता, पण प्रत्येक शब्दाला कळ येत होती. तेवढ्यात अण्णा उठले, खुंटीवरची कवड्यांची माळ काढली आणि माझ्यापुढं धरली. काय बोलणं चाललंय ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. आईच्या हातातली परडी बघून त्यांनी ओळखलं असणार. माझा हट्ट तिथं संपला. श्रद्धेनं निघाले असं मी म्हणणार नाही. अण्णांचा हात खाली जाऊ नये म्हणून निघाले.

पहिलं दार घरमालकीण काकूंचं. त्या इथल्या जुन्या गावकीतल्या. दारात मला बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "अगं बया! साहेबीण जोगवा मागतीया व्हय? बरं झालं. एवढं शिकून मान लई ताठ झाली व्हती, देवीनं वाकिवली." पण बोलता बोलता दोन ओंजळी पीठ घातलं आणि माझ्या पाया पडल्या. रागवावं की वाकावं, मला कळेना. पुढची दोन दारंही ओळखीची. तिथं आईच बोलली, मी नुसती परडी पुढं केली. चौथं दार धाराशिवकडच्याच एका आजींचं. त्यांनी बाजरीचं पीठ घातलं आणि माझ्या हनुवटीवरच्या व्रणाला हळद लावली.

पाचवं घर म्हणून आई नव्या सोसायटीकडे वळली. तिथं ती हल्ली जिच्याकडे कामाला जायची ती बाई राहायची. फाटकावर वॉचमननं काठी आडवी धरली. "मावशी, मागणाऱ्यांना आत सोडत नाहीत." मला सांगायचं होतं की मी पदवीधर आहे, चाकणला नोकरी करते, या फाटकाआतल्या कितीतरी जणांइतकीच शिकलेली आहे. ते सगळं जिभेवर आलं आणि बंद दातांवर आपटून मागं फिरलं. बाहेर आलं ते नुसतं घरघरणं. वॉचमन बिचारा घाबरला, "बरं नाही का यांना?" म्हणाला. मी वळले आणि चालू लागले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. हातात परडी होती.

कोपऱ्यावर पिठाची गिरणी चालू होती. मागून आईनं हाक मारली, "अगं, हेच धर पाचवं. पिठाचंच घर हाय."

आत एक बाई होती, केसांपासून पापण्यांपर्यंत पिठानं पांढरी. मी परडी पुढं केली. पट्ट्याच्या आणि जात्याच्या आवाजात काही ऐकू येण्यासारखं नव्हतंच. तिनं हातानंच विचारलं, काय? आई मागं रस्त्यावर राहिली होती. बोलायचं मलाच होतं. मी दातांतून म्हणाले, "जोगवा."

"क्या? जोर से बोल ना, ऐकू नाही येत!"

पुन्हा म्हणाले. तिनं कानाला हात लावला. तेव्हा मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. समोर एक माणूस माझ्या ओठांकडे बघत होतं, ऐकायला डोळे लावून, अगदी अण्णांसारखं. मी होतं नव्हतं तेवढं बळ एकवटलं आणि ओरडले, "जोगवा वाढा, माय!" उजव्या कानापाशी काहीतरी ताणून सुटल्यासारखं झालं. कळ अशी आली की डोळ्यांपुढं अंधार आला. पण आवाज बाहेर पडला होता. माझा मीच ओळखला.

तिनं परडी घेतली आणि गिरणीच्या तोंडाशी धरली. जात्यातून नुकतं उतरलेलं ज्वारीचं पीठ परडीत पडलं, गरम. परडी परत देताना तिनं माझ्या हनुवटीकडे निरखून बघितलं आणि गिरणी बंद केली. एकदम शांत झालं.

"दात तारेनं बांधले होते का? कधी काढली तार?" मी खुणेनं सांगितलं. "आणि काड्या? करतेस का?" मी खाली बघितलं. "नाही करत. माझा दीरपण नाही केला. गॅरेजमध्ये जॅक निसटून लागला होता त्याला. दुखतं म्हणून सोडून दिलं. परत ऑपरेशन, परत तेच रडणं. तुझ्यासारखंच खाली बघायचा." मग आवाज चढवून म्हणाली, "उद्यापासून संध्याकाळी इथं यायचं. माझ्यासमोर काड्या घालायच्या. रडायचं तर गिरणीत रड, कुणाला ऐकू जात नाही."

तिचं नाव नसीमभाभी. जायला वळले तर म्हणाली, "आमच्यात जोगवा नसतो गं. बरोबर दिला ना मी?" आई तोवर आत आली होती. तिनं परडीत हात घातला आणि म्हणाली, "गरम हाय. गरम पीठ माहेरचं माणूस देतं." त्या पाच घरच्या पिठाची आईनं भाकरी केली, दुधात कुस्करून पातळ केली, आणि ती मी चमच्यानं खाल्ली. सिरिंज त्या दिवशी लागली नाही.

मग मी रोज संध्याकाळी गिरणीत जाऊ लागले. पिठाच्या डब्यावर बसायचं, काड्या दाढांत घालायच्या, नवी काडी सरकवली की भाभी दळता दळता ओरडायची, "शाब्बास! आणखी धर! दीर झाली नाहीस ना तू?" काड्या काढल्या की त्या आवाजात मी मोठ्यानं बोलायचे. कंपनीतलं सगळं शिक्षण मी गिरणीला शिकवलं. हात आत घालू नका, प्लग घाला. गिऱ्हाईकं हसायची. भाभी त्यांना दटावायची, "मॅडमची प्रॅक्टिस चालू आहे. तुम्ही आपलं दळण घ्या." रक्त आलं, कळा आल्या, दोनदा तोंड सुजून मागं गेलं. पण मी चुकले नाही. चुकले असते तर ती परडी घेऊन आमच्या दारात आली असती, अशी ती होती.

पुढं कळलं की गिरणीवर नेहमी तिचा नवरा बसायचा. त्या मंगळवारी तो जादाचा पट्टा आणायला देहूरोडला गेला होता, म्हणून ती होती. आणि माझ्यासाठी तिनं संध्याकाळची वेळ नवऱ्याकडून मागून घेतली होती. आई म्हणते, देवीनंच त्याला देहूरोडला धाडलं. डॉक्टर मॅडम म्हणतात, नियमित व्यायामानं सांधा सुटला. मी दोघींपुढं हात जोडते. मला एवढंच माहीत आहे की सोसायटीच्या फाटकावर माझं शिक्षण सांगायला गेले तेव्हा तोंड उघडलं नाही, आणि मागायला गेले तेव्हा उघडलं. कष्ट माझेच होते, त्याचा मला अभिमान आहे. पण कष्ट करायला कुणीतरी बसवावं लागतं, आणि बसवणारं माणूस आपण शोधून सापडत नाही. परडी पुढं केल्यावर ते समोर येतं.

नवरात्रात खंडेनवमीला अण्णांनी नेहमीसारखी हत्यारं मांडली. पाने, हातोडी, भावाचा मल्टीमीटर. आईनं त्यात वायर कटर ठेवला आणि माझ्या काड्यांची चवड धाग्यानं बांधून ठेवली. आमच्यात आरतीआधीचा पहिला गजर घरातलं मोठं लेकरू देतं. अण्णा देव्हाऱ्याकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून, उदबत्ती लावत होते. मी श्वास घेतला आणि दिला, "आई राजा उदो उदो!"

अण्णा मागं वळले. उदबत्ती तशीच हातात. "ही ओरडली का?" त्यांनी आईला विचारलं. आईनं मान डोलावली. ते माझ्याजवळ आले, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "परत म्हण. आता बघून ऐकतो."

दिवाळीच्या आधी मला माझं काम परत मिळालं. माझं तोंड आता उभी तीन बोटं उघडतं. चाकणला सकाळच्या शिफ्टला नव्या मुलांपुढं मीच उभी राहते आणि कानात प्लग घालायला सांगते. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं.