रिकाम्या खुर्चीवरची चौकट

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात चादरींचे फोटो काढायला एक छोटा डिजिटल कॅमेरा आहे. हवेतलं सूत आत जातं आणि बाहेर आलेली लेन्स तशीच अडकते. म्हणून मला वरचेवर एका कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात जावं लागतं.

तो कॅमेरा कानाशी धरून चालू करतो आणि आतली घरघर ऐकतो. "पडला न्हाय, गुदमरलाय की," म्हणतो. मग ब्रशनं सूत काढता काढता बजावतो, "लेन्स हातानं वडू नका. लई नाजूक असतीया."

काम झालं की तो कॅमेरा कोपऱ्यातल्या खुर्चीवर रोखतो. तिथं त्याची बायको बसायची. ती वारल्यापासून तो तिथं कुणालाच बसू देत नाही. समोर चेहरा दिसला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर पिवळी चौकट उमटते. ती त्या रिकाम्या खुर्चीवर उमटली, की तो म्हणतो, "झाला. न्या." भिंतीवरच्या डागांना कॅमेरा फसत असेल, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

परवा मात्र चौकट आलीच नाही. त्यानं कॅमेरा पुन्हा खोलला, पुसला, पुन्हा खुर्चीवर रोखला. काही नाही. मग तो कॅमेरा हळूहळू दुकानभर फिरवत माझ्यावर येऊन थांबला. माझ्या मागं नुसतं बंद कपाट होतं.

"दोन चौकटी आल्या," तो समाधानानं म्हणाला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. "झाला. न्या. फकस्त वळताना जरा सांभाळून. धक्का लागंल तिला."