कुंपण घातलेला दर्या
नवा गेम कंट्रोलर खोक्यातून काढला की रबराचा वास येतो आणि मला विचुंबे गावातल्या आमच्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. चार वर्षं मी एका गेमची वाट पाहत होतो. जे बेट दिसेल तिथे जाता येईल, असं जाहिरातीत म्हटलं होतं. गेम आला त्या दिवशी मी चक्क रजा टाकली. उभा जन्म उरणला मासेमारी केलेले आणि गुडघे गेल्यावर आमच्याकडे राहायला आलेले बाबाही खुर्ची ओढून शेजारी बसले. मी गेममधली होडी पाण्यात लोटताच ते ओरडायला लागले, “डावीकडं घे, तिकडं पानी खोल हाय!” बेटावरची झाडं दिसू लागली, आम्ही दोघं पुढे सरसावलो, आणि होडी एका न दिसणाऱ्या भिंतीला धडकून थांबली. पुढे जाता येणार नाही, अशी अक्षरं उमटली. चारही दिशांना तेच. माझं तोंडच उतरलं. “दर्याला कुंपन?” म्हणत बाबा खो खो हसले. मी गेम काढून टाकायला निघालो, तर त्यांनी माझ्या हातातून कंट्रोलर घेतला. “ऱ्हाऊ दे. होडी बेस हाय. मना शिकव.” अंधार पडेपर्यंत ते त्या भिंतीच्या कडेकडेने होडी हाकत होते, मधूनच मला आरोळ्या देत होते. त्यानंतर कितीतरी चांगले गेम आले, पण तो फसलेला गेम मी अजून काढलेला नाही. बाबांनी शेवटची लावली तिथेच त्यांची होडी उभी आहे.