छबूचं काजळ आणि डोळ्यांची साथ

तिसगावच्या आप्पासाहेबांची छबू नगरच्या कॉलेजात सायन्सला गेली ती एका अटीवर. एस.टी.त बसवून देताना आप्पासाहेबांनी बजावलं होतं, "शीक खुशाल. पर दुखनं आलं की त्याच दिशी घरी. मंग परत धाडनार न्हाई." छबूने मान डोलावली. आजारी पडायचं नाही, एवढंच तर होतं.

एकाहत्तर साली डोळे येण्याची साथ जग फिरत फिरत मुंबईला उतरली आणि तिथून नगरलाही पोचली. डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात, अशी आर्ट्सच्या मुलांची समजूत. त्यामुळे जो तो समोरच्याच्या चपलांकडे बघून बोले. सायन्सची मुलं त्यांना हसत आणि स्वतः मात्र काळे चष्मे लावून हिंडत.

छबूला हे सहन होईना. वसतिगृहाच्या जेवणघरात ती बाकावर उभी राहून सांगे, "नजरेने काही होत नाही गं! जंतू हाताला लागतात आणि हातावरून डोळ्यात जातात. टॉवेल वेगळा, रुमाल वेगळा, उशीचा अभ्रासुद्धा वेगळा!"

तिच्या खोलीतली कृपा, राहुरीच्या शांतवन मास्तरांची मुलगी, वाढून घेता घेता विचारी, "डॉक्टरीणबाई, आमटी एकाच पातेल्यातली चालेल ना?"

"हस, हस. डोळे लाल झाले की बघू."

भाषण संपलं की मुली छबूच्या खोलीशी जमत. तिच्या आईने एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं, घरच्या तुपात कालवलेलं काजळ डोळ्यांना फार थंड. छबू आधी साबणाने हात स्वच्छ धुई आणि मग करंगळीने एकेकीला काजळ घाली. बोट डबीतून डोळ्यात, डोळ्यातून पुन्हा डबीत, तिथून पुढचीच्या डोळ्यात. ते तर आईच्या हातचं औषध होतं. त्यात जंतू कुठून येणार?

बघता बघता खोल्यांमागून खोल्या लाल झाल्या. एके दिवशी सकाळी छबूच्याही पापण्या चिकटल्या. कृपाचे डोळे मात्र दुधासारखे पांढरे. ती तर कुणाच्याही टॉवेलला तोंड पुशी.

"मलाच कसं काही झालं नाही गं?" कृपा म्हणाली. "तुझं एवढं भाषण ऐकलं नाही म्हणून?"

"तू काजळ घालत नाहीस," छबू म्हणाली आणि तिथेच थबकली. तिने आपली करंगळी डोळ्यांसमोर धरली.

मग तिने दारोदार जाऊन सगळ्यांना खरं ते सांगितलं. "साथ परदेशातून आली म्हणत होतीस ना?" एक मुलगी ओरडली. "ही तर तिसगावहून आली!" कुणीतरी उशी फेकून मारली. ती परत द्यायला हात लावायचीही छबूला चोरी.

तेवढ्यात वसतिगृहाच्या मरियाबाईंनी हाक मारली, "छबू, वडील आलेत!"

साथीची बातमी तिसगावच्या बाजारात पोचली होती. कुणाचा तरी काळा चष्मा लावून ती फाटकाशी गेली.

"सावलीत चष्मा?" आप्पासाहेब म्हणाले. "काढ."

तिने काढला. आप्पासाहेबांनी झटकन नजर जमिनीला लावली. "चल, पिशवी भर. पर मागं मागं चाल. बगितलं की लागतंय म्हनं."

होय, घरादारालाही लागेल, असं म्हटलं असतं, तर ते भिऊन आल्या पावली एकटेच परतले असते आणि कॉलेज वाचलं असतं. शब्द छबूच्या ओठांवर आला होता.

"नाही, आप्पा. बघून लागत नाही. हाताने लागतं. आणि इथे ते मीच लावलं. आईचं काजळ सगळ्या मुलींना माझ्या बोटाने घातलं."

आप्पासाहेबांनी मान वर केली. "समद्यांला?"

"कृपा सोडून."

"आन् आता माज्यासंगं घरी येतीस?"

"तुमचीच अट आहे ना..."

"अट गेली खड्ड्यात!" आप्पासाहेब तडकले. "लोकांच्या पोरी आंधळ्या करून घरी पळून येनार? कुनाची लेक म्हनतील? त्यांचे डोळे निवळल्याबिगर तिसगावात पाय ठिऊ नको." आणि आवाज उतरवून म्हणाले, "आईला काजळाचं सांगू नको. लई लागंल तिला."

ते स्टँडच्या वाटेला लागले. छबू थेट स्वयंपाकघरात गेली आणि पाणी उकळायला ठेवून मरियाबाईंकडे कापूस मागितला.