वाईनच्या आधीचं पाणी

ऐंशीच्या दशकातला एक मे महिना. राजोडीला रेमेतमावशीच्या ओट्यावर आम्ही तिघं बसलो होतो... आणि पाण्याच्या आधी वाईन आली.

यात एवढं काय, असं वाटेल. म्हणून नीट सांगतो.

त्या जागेला कुणी गुत्ता म्हटलं की माझं डोकं फिरतं. गुत्ता नव्हता तो. केळीच्या वाडीत कौलारू घर, पुढे ओटा, दोन बाकडी, आत चिनी मातीच्या बरण्या. वाईन घरची... काळी द्राक्षं, साखर, मूठभर गहू. यायची ती ओळखीचीच माणसं. आमचा वाईन बार म्हणजे तो ओटा.

मावशीचा नियम एकच. आधी तिच्या विहिरीचं पाणी, पेलाभर. "जीभ धुवा, मग बाकीचं."

विहीर तिच्या नवऱ्याने खणलेली. समुद्र एवढा जवळ, तरी पाणी गोड. नवरा गेला, मुलगा जुझे कुवेतला. तो सुट्टीवर आला की म्हणायचा, वाडी विकून टाक. मावशीचं उत्तर ठरलेलं... पाणी गोड आहे तोवर नाही. दलाल तरीही दर रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की दारात हजर.

समोरच्या वाडीतला इनासकाका रोजचा. वाईनचा एक पेला तासभर पुरवायचा, पाणी मात्र पुन्हा पुन्हा मागायचा. निघताना बाटलीही भरून न्यायचा, बायकोला याच पाण्याचा चहा लागतो म्हणून. "काका, घरची विहीर सोडून इथे? ही काय सासुरवाडीची विहीर आहे का?" असं आम्ही चिडवायचो.

दुसरा पांडूदादा, मिठागरात कामाला. तिसरा मी. बोळिंजला माझं पंपाच्या मोटारी रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं दुकान होतं. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, जळालेल्या मोटारी उघडून शिकलो. तारेतला असो की चवीतला, फरक मला कळतो. आहे ते आहे.

तर त्या दिवशी थेट वाईन आली. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी मीच विचारलं, "मावशी, पाणी?"

ती आत गेली. मग कळशी आणली, तीन पेले भरले. "प्या आणि सांगा. पण मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

पलीकडच्या जमिनीतल्या विहिरींतून दिवसभर टँकर भरून जायचे, नव्या बिल्डिंगांसाठी. गोडं पाणी असं उपसलं की समुद्राचं खारं आत शिरतं. ती कशाला घाबरली होती, ते सगळ्यांना कळलं.

पांडूदादाने घोट घेतला आणि मान खाली घातली. "बाय, मी मिठागरातला मानूस. माझी जीभच खारी. मला काय कलनार?" एरवी आम्ही हसलो असतो.

इनासकाकाने पेला एका दमात रिकामा केला. मिशा पुसल्या. "गोड आहे."

मी घोट तोंडात धरला, मग गिळला. "खारं आहे, मावशी. थोडंच... पण मागे राहतं."

काका भडकला. "तू मोटारींचा डॉक्टर ना रे? विहिरींचा कधी झालास?"

"परत पिऊन बघा," मी म्हटलं. मीही मागे हटणारा नव्हतो.

त्याने स्वतःच पेला काठोकाठ भरला. सावकाश प्यायला... अगदी शेवटच्या थेंबापर्यंत. पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

"माझ्या विहिरीपेक्षा गोड आहे."

 ती बाटली, तो चहा, ते पुन्हा पुन्हा पाणी मागणं... सगळं एकदम माझ्यासमोर आलं.

मावशीने विचारलं, "कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. बोललो असतो, तर तूही त्याच दिवसापासून घाबरली असतीस."

तिने त्याची बाटली मागून घेतली. आत गेली, नेहमीसारखी काठोकाठ भरून आणली. तेच पाणी. त्यानेही नेहमीसारखं बूच घट्ट लावलं आणि बाटली काखेत धरून घरी गेला.

पुढच्या रविवारी दलाल आला, तेव्हा तिने त्याला पहिल्यांदाच ओट्यावर बसायला सांगितलं. पाणी दिलं नाही.

आज तिथे चार मजली बिल्डिंग आहे, आणि तिच्या गेटवर टँकर येतो. मला मात्र कुठेही कुणी वाईन दिली की मी आधी पाणी मागतो. लोक हसतात... हसू देत. आम्ही त्या ओट्यावर नक्की कशासाठी जमायचो, ते आमच्यात फक्त इनासकाकाला वेळेवर कळलं होतं.