फोटोची हजेरी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीत सुटली. ही वही कुणाला दाखवायची नाही, पण माझ्यामागे कपाट आवरताना कुणी उघडलीच तर आधीच माफी मागून ठेवते. वाचता येणार नाही तो शब्द सोडून पुढे जावं.

पाच वर्षं मी दुपारच्या एका गुजराती सिरियलमध्ये सासू होते. लोकांना वाटतं हौस असेल. हौस नव्हती.

बडोद्याजवळच्या नंदेसरीचा कारखाना बंद पडून यजमान घरी बसले आणि त्याच वर्षी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. जवळच्याच पादरा गावी दिलेल्या माझ्या नणंदेनं माहेरच्या पाटल्या विकून पैसे आणून दिले. तिच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं. पाटल्या बडोद्याला आईच्या कपाटात आहेत, असं तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. मला म्हणाली, "वहिनी, माझ्या मुलीच्या लग्नात त्या माझ्या हातात दिसल्या पाहिजेत. तोवर मी काही बोलणार नाही."

मी डबे करायला लागले. अलकापुरीतल्या एका बंगल्यात शूटिंग चालायचं, तिथे वीस माणसांचं जेवण जायचं. एक दिवस सासूचं काम करणारी बाई भांडून निघून गेली. डायरेक्टर माझ्याकडे बघत राहिला. "काकी, तुम्ही काही न बोलताच रागावलेल्या दिसता," म्हणाला. लाजऱ्या माणसाचा चेहरा लोकांना रागीट वाटतो, हे मला तिथे कळलं.

मेकअपवाल्यानं हनुवटीवर एक काळा तीळ चिकटवला आणि मला उभं केलं. गुजराती मला बोलता येतं, लिहिलेलं वाचता येत नाही. एक मुलगी मला दोनदा वाचून दाखवायची. आरती पाठ व्हावी तसं ते पाठ व्हायचं. मला दुकानात सुटे पैसे परत मागायला घाम फुटतो, पण दुसऱ्यानं लिहिलेलं बोलायला काही वाटलं नाही.

मग मंडईत भाजीवाली म्हणायची, "काकी, वहूने शांतिथी रहेवा दो ने," सुनेला सुखानं राहू द्या म्हणून, आणि मेथी देताना जुडी बारीक द्यायची. घरी सासूबाई जेवण झालं की टीव्हीपुढे बसायच्या.

"त्या पोरीला उपाशी ठेवलंस, ते बरं दिसत नाही."

"आई, लिहिलंय तसं करायचं असतं."

"मग लिहिणाऱ्याला विचार, तुझ्या घरी कुणी जेवतं का."

यजमान त्या वेळी ओट्यावर जाऊन पेपर वाचायचे.

दर महिन्याला मी पादऱ्याची बस धरायचे आणि नणंदेच्या हातात पाकीट द्यायचे. निम्म्याहून जास्त फिटलं होतं. भाचीचं लग्न पुढच्या वैशाखात ठरलं, आणि त्याच सुमारास डायरेक्टर सहज म्हणाला, "काकी, सोमवारी तुम्हाला हार्ट ॲटॅक."

सोमवारी मी देवघरापुढे मेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा मोठा फोटो भिंतीवर लावला आणि चंदनाचा हार घातला. सून फोटोपुढे रडणार होती. तिचं निम्मं रडणं त्या दिवशी झालं, निम्मं राहिलं.

मी घरी हे सांगितलं. सासूबाईंनी हातातली वाटी खाली ठेवली. "नवरा जिवंत आहे. सवाष्णीच्या फोटोला हार? तो फोटो घरी आण."

डायरेक्टरशी बोलायचं माझ्यानं होईना. मग बुधवारी डबे पोचवायला गेले तेव्हा सगळे जेवत असताना फोटो उतरवला, हार खुर्चीवर ठेवला, फोटो डब्यांच्या पिशवीत घातला आणि रिक्षा केली. घरी येऊन साड्यांच्या खाली ठेवून दिला.

आदल्या दिवशीच्या शूटिंगमध्ये भिंतीवर फोटो होता, आता नाही. सुनेला पुढे रडता येईना. संध्याकाळी डायरेक्टर दारात.

"काकी, फोटो क्यां छे?"

मी स्वयंपाकघरात गेले. बोलल्या त्या सासूबाई. तो म्हणाला, "बा, हे तर नाटक आहे."

"नाटकातला हारसुद्धा हारच."

मग त्यांनी मला फोटो आणायला लावला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघितला. "हा तीळ कुणाचा?"

"चिकटवलेला आहे," मी म्हटलं.

"मग ही तू नव्हेस. ही ती उपाशी ठेवणारी. तिला घाला काय हार घालायचा तो." डायरेक्टर हात पुढे करणार, तोच त्यांनी फोटो मांडीवर पालथा ठेवला. "पण ती तुमच्या भिंतीवर दिवसभर उभी राहणार ना? मग तिची हजेरी लागली पाहिजे."

तो हसला. "बा, फोटोला कुणी पैसे देतं का?"

"नका देऊ. दुसरी सासू मारा."

पाटल्या त्यांनीच लेकीला घडवल्या होत्या. त्या विकल्याचंही त्यांना ठाऊक होतं. लग्न किती दिवसांवर आलं, हे त्या रोज मोजत होत्या.

शेजारच्यांच्या फोनवरून डायरेक्टरचं सिरियलच्या मालकाशी बोलणं झालं. फोटो दिसेल त्या दिवशी माझ्या रोजाचा चौथा हिस्सा. फोटो महिनाभर राहील, असा त्यांचा अंदाज होता. पण सुनेचं फोटोपुढे रडणं बायकांना आवडलं. ती रोज काही ना काही सांगायला त्या भिंतीपाशी यायची. फोटो वर्षभर राहिला. मी पुन्हा नुसते डबेच करत होते. महिनाअखेरीला डबे पोचवून सही करायचे. वाचून दाखवणाऱ्या मुलीनं हजेरीच्या वहीत 'काकी, फोटो' असा रकाना काढला होता.

डब्यांचे आणि फोटोचे मिळून पैसे चैत्रात पुरे झाले. मी पादऱ्याला गेले. नणंदेचे यजमान दुकानावर होते. तिनं पाकीट तसंच पदराखाली घेतलं.

मी म्हटलं, "वन्सं, मोजा."

"तुमचं काय मोजायचं, वहिनी?"

"तरी मोजा."

ती मोरीच्या दाराआड उभी राहून मोजत होती. सोनाराचा भाव तिनं सकाळीच विचारून ठेवला होता. "झाले पुरे," म्हणाली, आणि चप्पल घालून सोनाराकडे निघाली.